फुकटच्या घराचे भाडे

वाचकहो, आज सकाळपासून आपण निदान दहा वेळा तरी लिनक्स वापरले आहे. नकारार्थी मान हलवू नका! आपल्या खिशातला मोबाइल अँड्रॉइड जातीचा असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांचा तो तसाच असतो, तर त्याच्या पोटात बसून सारा कारभार पाहणारा कारभारी म्हणजे लिनक्स. सकाळी आपण बातम्या वाचल्या, गाडीच्या आरक्षणाची चौकशी केली, पुण्याच्या मावशीला भाऊबिजेचे निमंत्रण धाडले. या कामांसाठी पलीकडच्या टोकाला जे मोठमोठे संगणक राबले, त्यांतील बहुतेकांवरही हाच कारभारी असतो. आणि याला आपण पगार काय देतो? एक छदामही नाही. तो कोणा एका शेठजीच्या मालकीचा नाही. त्याच्या घडणीचा कागद न् कागद जगापुढे उघडा आहे. ज्याला हवा त्याने घ्यावा, वाचावा, सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा लोकांना द्यावा. अशा सॉफ्टवेअरला 'ओपन सोर्स' म्हणतात. मराठीत कोणी 'मुक्त स्रोत' म्हणतात, आमच्या शेजारचे जोशी सरळ 'फुकटवाले' म्हणतात.

माझे आयुष्य हिशेबात गेले. एका औषध कंपनीच्या हिशेबखात्यात मी चौतीस वर्षे काढली. खर्चाच्या रकान्यात शून्य दिसले की इतरांना आनंद होतो. हिशेबनिसाला त्या रात्री झोप येत नाही. कारण खर्च असा नाहीसा होत नसतो. तो कोणाच्या तरी दुसऱ्या वहीत लिहिलेला असतो, आणि ती वही सापडेपर्यंत ताळेबंद जुळला असे मानता येत नाही. हे सॉफ्टवेअर लिहिणारे हौसेने लिहितात, हे मान्य. पण लिहिलेले ठेवतात कुठे? त्या जागेचे भाडे, विजेचे बिल आणि राखणदाराचा पगार कोण भरतो?

सॉफ्टवेअर म्हणजे हवेत लिहिलेली अक्षरे नव्हेत. ते कोठल्या तरी संगणकाच्या पोटात असावे लागते, आणि तो संगणक दिवसरात्र, दिवाळी असो की नाताळ, चालू राहावा लागतो. तो तापतो, म्हणून त्याच्या खोलीला थंडावा हवा. जगातून हजारो लोक एकाच वेळी तो माल उतरवून घेतात, म्हणून जाडजूड तार हवी. पत्ता हवा, आणि त्या पत्त्याचे शुल्क दर वर्षी भरायला हवे. 'अमुक बटन दाबले की तमुक बिघडते' अशा तक्रारींची वही हवी. काम करणारी माणसे एक फिनलंडात, एक ब्राझीलमध्ये, एक आपल्या कोथरूडला. त्यांचा पत्रव्यवहार व्हायला हवा. लिहिलेला कार्यक्रम निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर चालतो की नाही हे तपासायला ती ती यंत्रे हवीत. आणि चोर शिरू नयेत म्हणून पहारा हवा. या सगळ्या व्यवस्थेला इंग्रजीत 'होस्टिंग' म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे, कारण होस्ट म्हणजे यजमान.

बारसे घरमालकाने केले

या यजमानकीची एक जुनी गोष्ट फार गोड आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने आपल्या घरच्या संगणकासाठी एक छोटीशी कार्यप्रणाली लिहिली. उन्हाळा संपता संपता त्याने ती लोकांना देऊ केली. पण द्यायची कुठून? स्वतःच्या खोलीतून जगाला वाटप करणे तेव्हा शक्य नव्हते. फिनलंडच्या विद्यापीठांना जोडणाऱ्या 'फुनेट' या जाळ्याचा एक सर्व्हर होता. त्यावर कोणीही येऊन काही उतरवून घेऊ शकत असे. त्या सर्व्हरचा कारभार पाहणारा अरी लेम्के हा दुसऱ्या विद्यापीठातला गृहस्थ. त्याने या मुलाला एक कप्पा देऊ केला.

आता लिनसच्या मनात आपल्या अपत्याचे नाव 'फ्रीक्स' ठेवायचे होते. फ्री म्हणजे मुक्त, फ्रीक म्हणजे विक्षिप्त, अशी काही तरी त्याची फोड होती. लेम्केला ते नाव मुळीच रुचले नाही. त्याने कप्प्यावर पाटी लावली 'लिनक्स'. स्वतःचे नाव आपल्या कृतीला देणे म्हणजे फारच आढ्यता, असे वाटून लिनसने ते बाजूला ठेवले होते. यजमानाने ते परस्पर लावून टाकले. बारशाला आत्याचा मान असतो, पण इथे घरमालकानेच कानात कुर्र केले. ते अपत्य तेव्हा सुमारे दहा हजार ओळींचे होते. आज ते चार कोटी ओळींच्या घरात आहे, आणि नाव तेच आहे.

अरी लेम्केचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? लिनसचे नाव शाळकरी पोरेही सांगतात. यजमानांच्या वाट्याला हे असेच येते. लग्नात नवरानवरीचे फोटो निघतात, मांडववाल्याचा कोणी काढीत नाही.

त्या काळी असे कप्पे बहुधा विद्यापीठे देत. तार सरकारी किंवा विद्यापीठाची, यंत्र विद्यापीठाचे, आणि रात्री जागणारा एखादा विद्यार्थी किंवा सहायक. एका ठिकाणी गर्दी झाली की दुसरी विद्यापीठे तोच माल आपल्याकडे जसाच्या तसा उतरवून ठेवीत, म्हणजे जवळच्या लोकांना लांब जायला नको. अशा प्रतीला 'मिरर', म्हणजे आरसा, म्हणतात. हे आरसे आजही आहेत. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर एका मोठ्या खर्चाचे शंभर ठिकाणी तुकडे करून तो अनेक संस्थांच्या किरकोळ खर्चात घातलेला आहे. म्हणून तर तो दिसत नाही!

चोर आला, पण काय नेले?

२०११ च्या ऑगस्टअखेर लिनक्सच्या मुख्य घरात चोर शिरल्याचे उघडकीस आले. 'कर्नेल डॉट ऑर्ग' हे त्या घराचे नाव. कोणी तरी एका माणसाच्या किल्ल्या मिळवून आत शिरले होते आणि काही सर्व्हरांवर त्यांनी ताबा मिळवला होता. क्षणभर याचा अर्थ ध्यानात घ्या. जगातल्या बँका, रेल्वे, दूरध्वनी कंपन्या ज्याच्यावर चालतात त्या कारभाऱ्याच्या मूळ प्रतीत कोणी गुपचूप चार ओळी घुसडल्या असत्या, तर विहिरीतच विष पडले असते.

तसे झाले नाही, आणि ते का झाले नाही हे ऐकण्यासारखे आहे. लिनसने २००५ साली 'गिट' नावाची एक हिशेबवही तयार केली होती. हिशेबवही हा माझा शब्द. संगणकवाले तिला काही तरी वेगळे म्हणतात. या वहीत सॉफ्टवेअरमधला प्रत्येक बदल नोंदला जातो, आणि प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांचा ठसा मिळतो. हा ठसा आधीच्या साऱ्या नोंदींवरून काढलेला असतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या पानावर कोणी एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी त्या पानापासून आजपर्यंतचे सगळे ठसे बदलतात. शिवाय ही वही एका कपाटात नसते. हजारो कार्यकर्त्यांच्या संगणकांवर तिची संपूर्ण प्रत असते. चोराने मूळ वहीत खाडाखोड केली असती, तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच माणसाने आपली प्रत ताडून पाहताना आरडाओरडा केला असता. चौतीस वर्षांत मी कितीतरी वह्या पाहिल्या, पण खाडाखोड करणाऱ्याची इतकी गैरसोय करणारी वही पाहिली नाही!

मूळ प्रत वाचली. पण घर मात्र धुऊन काढावे लागले. कर्नेल डॉट ऑर्ग महिनाभराहून अधिक काळ बंद होते. यंत्रे पुसून नव्याने उभी केली, शेकडो लोकांना नव्या किल्ल्या दिल्या. तेवढ्या काळात लिनसने आपले बिऱ्हाड तात्पुरते 'गिटहब' नावाच्या दुसऱ्या वाड्यात हलवले आणि तिथून पुढची आवृत्ती काढली. काम थांबले नाही, याचे कौतुक वर्तमानपत्रांत झाले. त्या महिन्यात ज्यांनी यंत्रे पुसली त्यांच्याबद्दल मला कोठे चार ओळी आढळल्या नाहीत.

चाळमालकांच्या कथा

विद्यापीठांच्या कप्प्यांत सर्वांची सोय होईना, तेव्हा व्यापारी मंडळी पुढे आली. १९९९ च्या नोव्हेंबरात व्हीए लिनक्स या अमेरिकन कंपनीने 'सोर्सफोर्ज' उघडले. कोणीही यावे, खोली घ्यावी, भाडे नाही. हजारो प्रकल्प तिथे राहायला गेले. कंपनीला जाहिरातींचे उत्पन्न होई. पुढे मालक बदलले, उत्पन्न घटले, आणि २०१३ पासून काही कार्यक्रम उतरवून घेताना त्यांच्या पाठीला नको असलेल्या जाहिरातबाज कार्यक्रमांची शेपटी लावून मिळू लागली. चित्रे सुधारण्याचे 'गिंप' हे नामांकित सॉफटवेअर त्या वाड्यातून निघून गेले, तर २०१५ साली मालकांनी त्यांची सोडलेली खोली स्वतःच उघडून तिथून तोच माल शेपटीसह वाटायला सुरुवात केली. फार बोभाटा झाला. २०१६ साली वाडा पुन्हा विकला गेला आणि नव्या मालकांनी तो प्रकार ताबडतोब बंद केला. पण गेलेली बिऱ्हाडे परत आली नाहीत.

गूगलनेही २००६ मध्ये अशीच एक चाळ बांधली होती. २०१५ च्या मार्चमध्ये तिने नोटीस दिली आणि २०१६ च्या जानेवारीत टाळे लावले. नोटीस रीतसर होती, सामान हलवायला वेळही दिला होता. तक्रारीला जागा नाही. तरी घर मोडायचे ते मोडलेच. गिटहब २००८ साली निघाले, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला घेतले, आणि आज बहुसंख्य बिऱ्हाडे तिथेच आहेत. भाडे नाही, नळाला पाणी आहे, मालक सध्या चांगला आहे. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला यापुढचे सांगायला नको.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट सांगतो. संगणकावर मराठी अक्षरे दिसायची तर अक्षरांचा साचा, म्हणजे फाँट, लागतो. चांगले साचे पूर्वी विकत मिळत, आणि एकाचा मजकूर दुसऱ्याच्या साच्यात उघडला की गिचमिड उमटे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने केलेले साचे रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने २००४ साली मुक्त केले. 'लोहित' असे त्यांचे नाव. लोहित म्हणजे तांबडा, आणि रेड हॅट म्हणजे तांबडी टोपी. नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ अशा अनेक भाषा त्यांत आल्या. या लोहितचे बिऱ्हाड 'फेडोरा होस्टेड' नावाच्या जागेत होते. २०१७ मध्ये ती जागा बंद झाली आणि लोहितलाही सामानसुमान घेऊन दुसरीकडे जावे लागले. साचे शाबूत आहेत. पण जुन्या पत्त्यावर गेले तर तिथे काही नाही, आणि जुनी पुस्तके व निबंध अजून तोच पत्ता देतात.

दरीतले गाव

पोर्टलंडच्या पश्चिमेला इंटेलचे कारखाने आहेत, त्यामुळे त्या बाजूला मराठी घरे पुष्कळ. माझी एक भाची तिकडे असते. तिच्याकडे गेलो असताना मी हट्टाने कॉरव्हॅलिसला जाऊन आलो. नायगारा पाहायचा सोडून हे म्हातारे कॉरव्हॅलिसला कशाला जाते, असे जावईबापूंना वाटले असणार. पण सुस्वभावी माणूस, त्यांनी गाडी काढली. विलामेट नदीच्या काठाने दक्षिणेला दोनेक तास गेले की हे टुमदार गाव लागते. नावाचा अर्थ 'दरीचे हृदय'. इथे ओरेगन राज्य विद्यापीठ आहे, आणि त्या विद्यापीठात २००३ पासून 'ओपन सोर्स लॅब' आहे. पाहायला अर्थात काही नाही. यंत्रघरात मला कोण शिरू देणार? विटांच्या इमारती, मोठाली झाडे आणि सायकलवरून जाणारी पोरे पाहून परतलो. पण मला ती पोरेच पाहायची होती.

कारण या प्रयोगशाळेचा धंदा यजमानकीचा आहे, आणि ती चालवण्यात मोठा वाटा पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा आहे. यंत्रे मांडणे, बिघडली तर दुरुस्त करणे, नवा प्रकल्प आला तर त्याला खोली लावून देणे ही कामे एकोणीस-वीस वर्षांची मुले पगारावर करतात. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी निघाली आणि पहिल्याच दिवशी दहा लाखांवर लोकांनी ती उतरवून घेतली. ते वाटपाचे काम करणाऱ्यांत ही प्रयोगशाळा होती. लिनक्सच्या मुख्य घराची काही यंत्रे, अपाची प्रतिष्ठान, डेबियन, जेंटू अशी मोठी नावे निरनिराळ्या काळी तिच्या आश्रयाला राहिली. लहान नावे तर शेकडो.

त्यांतली ड्रुपलची कथा मला आवडते. ड्रुपल हे संकेतस्थळे रचण्याचे सॉफ्टवेअर बेल्जियमच्या ड्रीस बाउटार्ट याने विद्यार्थी असताना सुरू केले. नाव डच भाषेतल्या 'थेंब' या शब्दावरून आले. २००५ साली थेंबाचा ओढा झाला आणि ज्या एका यंत्रावर सारा संसार होता ते यंत्र कोलमडले. ड्रीसने काय करावे? सगळी पाने उतरवून एक कोरे पान ठेवले, त्यावर वस्तुस्थिती लिहिली आणि खाली पैसे देण्याचे एक बटन लावले. हवे होते तीन हजार डॉलर. चोवीस तासांत दहा हजार जमले. त्याच धावपळीत सन मायक्रोसिस्टिम्सने एक उत्तम यंत्र देऊ केले, आणि कॉरव्हॅलिसहून निरोप आला की यंत्र आमच्याकडे आणून ठेवा, जागा व तार आम्ही देतो. चारच वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसचे संकेतस्थळ ड्रुपलवर गेले.

आता या यजमानाचा स्वतःचा हिशेब पाहा. प्रकल्पांकडून भाडे नाही. पैसा येतो देणग्यांतून, मुख्यतः कंपन्यांच्या. त्या देणग्या काही वर्षांपासून आटत गेल्या, तूट पडू लागली, आणि ती तूट विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय मुकाट्याने भरून काढीत राहिले. मग विद्यापीठाच्याच पैशाला कात्री लागली. २०२५ च्या एप्रिलअखेर प्रयोगशाळेचे संचालक लान्स अल्बर्टसन यांनी जाहीर पत्र लिहिले: अडीच लाख डॉलरची निश्चित सोय झाली नाही, तर याच वर्षी दार बंद करावे लागेल.

हा आकडा वाचून मी चष्मा पुसला. अडीच लाख डॉलर म्हणजे त्या देशातल्या एखाद्या बऱ्यापैकी कंपनीत दोन अनुभवी अभियंत्यांचा वर्षाचा खर्च. शेकडो प्रकल्पांचे घर, ज्यांच्यावर अब्जावधींचे धंदे उभे आहेत त्या प्रकल्पांचे घर, आणि ते एवढ्या रकमेसाठी मोडायला निघाले! माझ्या कंपनीत साहेबांच्या वार्षिक संमेलनाचा खर्च मी नोंदीत असे. तो आठवून मला थोडा रागही आला. पत्र फिरले, लोक धावले, आणि मे महिन्यात पुढील वर्षाची बेगमी झाल्याचे कळले. पण एका वर्षाची बेगमी म्हणजे एका वर्षाची बेगमी.

पाणपोईवर टँकर

त्यातच एक नवे संकट आले आहे. उन्हाळ्यात कोणी पाणपोई घालावी, रांजणाला ओले फडके बांधावे, वाटसरूंनी ओंजळभर पाणी पिऊन दुवा द्यावा, आणि एके दिवशी तिथे टँकर येऊन उभे राहावेत, तसा हा प्रकार आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकवण्यासाठी कंपन्यांना मजकूर लागतो, पुष्कळ लागतो. तो गोळा करायला त्यांचे आपोआप चालणारे कार्यक्रम जगभर हिंडतात आणि दिसेल ते पान उचलतात. तेच पान पुन्हा पुन्हा उचलतात. मुक्त प्रकल्पांची घरे उघडीच असतात, त्यामुळे तिथे झुंबड. 'रीड द डॉक्स' या ठिकाणी अशा प्रकल्पांच्या माहितीपुस्तिका ठेवलेल्या असतात. २०२४ च्या मे महिन्यात एकाच पाहुण्याने तिथून ७३ टेराबाइट माल नेला. त्यातला जवळजवळ १० टेराबाइट एका दिवसात. त्या एका पाहुण्यापायी तारेचे बिल पाच हजार डॉलरहून अधिक आले. एक टेराबाइट म्हणजे किती ते सांगतो: आमच्या वाचनालयातली सगळी पुस्तके अक्षर न् अक्षर टंकून काढली, तरी त्याचा एक कोपराही भरणार नाही.

यावर एक तोड निघाली आहे. कॅनडातल्या एका प्रोग्रामरने २०२५ च्या आरंभी 'अनुबिस' नावाचा द्वारपाल तयार केला. अनुबिस ही मिसरी लोकांची देवता, मेलेल्याचे हृदय तराजूत घालून तोलणारी. म्हणजे तिकडचा चित्रगुप्तच म्हणा ना. हा द्वारपाल येणाऱ्याच्या संगणकाला एक छोटे गणित घालतो. माणसाच्या संगणकाला ते सोडवायला क्षणभर लागतो; पण ज्याला लाखो दारे ठोठवायची आहेत त्याला ते महाग पडते. 'ग्नोम' या प्रकल्पाने मार्च २०२५ मध्ये हा पहारेकरी बसवून मोजदाद केली. अडीच तासांत सुमारे ८१ हजार वेळा दार वाजले, आणि गणित सोडवून आत आले ते अवघे तीन टक्के.

त्याच वर्षी सप्टेंबरात पायथन, रस्ट, जावा आदी भाषांची भांडारे सांभाळणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन एक जाहीर पत्र काढले. आशय असा, की मूठभर संस्था भार वाहतात आणि सर्वांत मोठी उचल करणारे व्यापारी ग्राहक त्या प्रमाणात काही देत नाहीत. सगळेच हात आखडतात असेही नाही. बेंगळुरूच्या झिरोधा या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी सुरू केला. एका भारतीय कंपनीने हे करावे याचा मला, खरे सांगतो, अभिमान वाटला.

कोहा

निवृत्तीनंतर मी आमच्या उपनगरातल्या सार्वजनिक वाचनालयाचा खजिनदार झालो. आमची पुस्तके, देवघेव, वर्गण्या यांची नोंद 'कोहा' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर होते. एका तरुण सभासदाने ते बसवून दिले आणि अंदाजपत्रकात त्यापुढे शून्य लागले. मघाच्या झोपेच्या गोष्टीचे मूळ हेच शून्य.

कोहाचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या वाचनालयांसाठी झाला. १९९९ साली त्यांच्या जुन्या संगणकव्यवस्थेला २००० हा आकडा झेपणार नव्हता, नवी व्यवस्था विकत घेणे परवडत नव्हते. वेलिंग्टनच्या काटिपो या लहानशा कंपनीने त्यांना ती लिहून दिली, ३ जानेवारी २००० रोजी ती सुरू झाली, आणि मग सर्वांसाठी मुक्त केली. कोहा हा माओरी शब्द आहे. पाहुणा यजमानाकडे जाताना जी भेट नेतो ती कोहा. आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत करीत नाहीत, तशी ती रीत.

या कोहाचेही घर एकदा गेले होते. काटिपोने आपला कोहाचा व्यवसाय एका अमेरिकन कंपनीला विकला, त्याबरोबर मूळ पत्ताही गेला. पुढे त्या कंपनीचे आणि कार्यकर्त्यांचे बिनसले, तेव्हा २०१० च्या सुमारास साऱ्या मंडळींना नवा पत्ता घेऊन नवे घर थाटावे लागले. न्यूझीलंडमध्ये तर 'कोहा' या नावाच्या व्यापारचिन्हासाठीच अर्ज झाला. खेड्यातल्या त्या वाचनालय न्यासाने हरकत घेतली, जगभरातून त्यांना मदत गेली, आणि तो अर्ज काही टिकला नाही.

हे सगळे मी कार्यकारिणीपुढे ठेवले आणि म्हटले, आपणही वर्षाला काही द्यावे. अध्यक्ष म्हणाले, "फुकट आहे ते फुकट राहू द्या की, खजिनदार!" चिटणीसांनी अधिक मुद्द्याचे विचारले: धर्मादाय न्यासाचा पैसा परदेशी पाठवता येईल काय? इथे माझ्याच विद्येने माझी अडचण केली. न्यासाने देशाबाहेर केलेला खर्च प्राप्तिकराच्या सवलतीत बसवणे सोपे नाही, हे मीच त्यांना सांगितले. तास-दीड तास चर्चा झाली, चहा झाला. शेवटी तो तरुण सभासद म्हणाला, "काका, पैसे राहू द्या. कोहाचे भाषांतर स्वयंसेवकच करतात. मराठीचे काम आपण अंगावर घेऊ या. भाषांतराचे घर त्यांनी उभे केलेलेच आहे, आपण नुसते शब्द न्यायचे."

तेव्हापासून दर शनिवारी वाचनालय बंद झाल्यावर आमच्या ग्रंथपाल बाई, तो तरुण आणि मी संगणकापुढे बसतो. बाईंनी तीस वर्षे काउंटर सांभाळला आहे, त्यांच्यापुढे शब्दकोशाचे काही चालत नाही. 'होल्ड' म्हणजे 'राखून ठेवा', हे एका मिनिटात झाले. 'ओव्हरड्यू'वर पंधरा मिनिटे गेली. 'थकीत' म्हटले की वर्गणी वाटते, म्हणून 'मुदत उलटलेले' ठरले. गाडी अडली ती 'पॅट्रन' या शब्दापाशी. पुस्तक नेणाऱ्याला कोहात सर्वत्र पॅट्रन म्हटले आहे. शब्दकोशात पहिला अर्थ निघाला, 'आश्रयदाता'.

बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. "चार महिने वर्गणी दिली नाही, दोन कादंबऱ्या दाबून बसलेत, आणि म्हणे आश्रयदाता!" त्यांनी ते खोडले, 'सभासद' असे टंकले आणि पुढचा शब्द काढला.